दिसलं म्हणून पाहिलं

चित्रपट आला की वर्तमानपत्रात त्याची समीक्षा येते. नाटक आलं की येते. हॉटेल उघडलं तरी तिथल्या मिसळीवर कुणीतरी अर्धा रकाना लिहितोच. पण ज्या पडद्यासमोर आज हजारो माणसं रोज तास-दोन तास बसतात, आणि जो पाहताना प्रेक्षकाचा एक पाय ॲक्सिलरेटरवर असतो, त्या मोटारीतल्या पडद्याची समीक्षा अजून माझ्या वाचनात आलेली नाही. हे काम कुणीतरी करायला हवं. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे, आणि कलेशी माझा संबंध शाखेच्या वर्धापनदिनाला पडदा ओढण्यापुरता आलेला आहे. तेव्हा पडदा हा माझा विषय आहे, असं म्हणायला निदान कागदोपत्री आधार आहे.

त्याचं असं झालं. आमची मोटार दहा वर्षांची. त्यातली सहा वर्षं दुसऱ्याची आणि चार आमची. तिच्यात एक साधा रेडिओ होता आणि त्या रेडिओला एक गोल बटण होतं. उजवीकडे फिरवलं की आवाज वाढायचा, डावीकडे फिरवलं की कमी व्हायचा. माझ्या आयुष्यात माझं इतकं निमूटपणे ऐकणारी दुसरी वस्तू नव्हती. डोळे रस्त्यावर, हात बटणावर. रेडिओ कुठे आहे हे डोळ्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं, बोटांना माहीत होतं.

दिवाळीत भाचा आला. त्याने गाडीत बसल्या बसल्या त्या रेडिओकडे असं पाहिलं, जसं आमचे साहेब माझ्या रजेच्या अर्जाकडे पाहतात.

"मामा, हे काय अजून? आता स्क्रीन असते. नऊ इंची. मॅप, गाणी, मागचा कॅमेरा, सगळं."

"मला मागचं पाहून काय करायचंय? मी पुढे चाललेला असतो."

"अहो, घेऊन टाका ना," सौ. म्हणाली. "मजल्यावरच्या सगळ्यांच्या गाडीत आहे."

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि चर्चा संपली. "जावईबापू, त्यात माझी साडेसातची मालिका दिसेल का हो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी-सजावटीच्या दुकानात गेलो. सीट कव्हर, सुगंधी बाटल्या, मान डोलावणारे कुत्रे, आणि भिंतभर पडदे. बारा हजारांवर सौदा ठरला. एक पोरसवदा फिटर आला, त्याने डॅशबोर्ड उचकटला आणि आतून वायरींचा असा गुंता बाहेर काढला की माझी गाडी इतके दिवस चालत होती याचंच मला नवल वाटलं. त्याने भराभर वायरी जोडल्या. शेवटी एक बारीक वायर उरली.

"ही कसली?" मी विचारलं. टॅली झाल्यावर एखादं व्हाउचर उरलं की कारकुनाला झोप येत नाही.

"ही हँडब्रेकची, साहेब. कंपनी देते. ही बरोबर जोडली, तर हँडब्रेक ओढल्याशिवाय व्हिडिओ दिसत नाय."

"मग जोडायची ना?"

मुदत ठेव मोडून व्याजही पूर्ण मागणाऱ्या खातेदाराकडे आम्ही पाहतो, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. "सगळे बायपासच करतात, साहेब. ही अशी बॉडीला टाकली, की मशीनला वाटतं हँडब्रेक ओढलेलाच आहे."

"त्याचे किती?"

"त्याचे काय घ्यायचे? फ्री."

फुकट म्हटल्यावर मराठी मध्यमवर्गीय माणूस तत्त्वाचा प्रश्न काढत नाही. मी मान हलवली. डॅशबोर्डावरच्या कुत्र्यासारखी.

त्या क्षणापासून आमच्या पडद्याच्या समजुतीप्रमाणे आमची मोटार कायमची उभी आहे. हायवेवर ताशी ऐंशीने ती उभी असते, घाटात वळणावळणाने उभी असते. बँकेच्या भाषेत याला खोटी नोंद म्हणतात. अशी एक नोंद माझ्या वहीत सापडली असती तर मला मेमो मिळाला असता. इथे मला दुकानदाराने चहा पाजला.

आता समीक्षा. सुरुवात तांत्रिक अंगांपासून करण्याची पद्धत आहे. चित्र दिवसा यथातथाच, कारण उन्हात पडद्यावर नायिकेऐवजी माझाच चेहरा दिसतो. रात्री मात्र चित्र इतकं लख्ख, की त्यापुढे रस्ताच अंधुक वाटतो. ध्वनी उत्तम. कथानकात सातत्य नाही. सून स्वयंपाकघरात फोडणी देत होती. मी समोरच्या एस.टी.ला वाट दिली, परत पाहतो तर सून कोर्टात उभी. मधे काय झालं ते एस.टी.च्या मागच्या पाटीने खाल्लं. रिव्हर्स टाकला की न्यायाधीशांच्या जागी आमच्या सोसायटीची कचराकुंडी येते. खरं सांगायचं तर तो कचराकुंडीचा प्रसंगच सगळ्यात उपयोगी. या पडद्यावरचा तो एकमेव कार्यक्रम, जो पाहणं हे चालकाचं कामच आहे.

अभिनयाबद्दल बोलायचं तर, सर्वांत चांगला अभिनय मी करतो. पडद्याकडे पाहत नसल्याचा.

आणि आवाज? पूर्वी बटण फिरवायचो. आता पडद्याच्या कोपऱ्यात तिळाएवढी अधिक-उण्याची चिन्हं आहेत. तिथे बोट नेमकं टेकवायचं, तर आधी तिथे डोळे न्यावे लागतात. गाडी खड्ड्यात गेली की बोट घसरतं, आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी भाच्याला फोन लागतो. हे दुःख माझ्या एकट्याचं नाही. स्वीडनमधल्या एका मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली याची रीतसर परीक्षा घेतली. ताशी ११० च्या वेगाने गाडी चालवत रेडिओचं स्टेशन बदलणं वगैरे चार साधी कामं करायची, आणि तेवढ्यात गाडी किती पुढे जाते ते मोजायचं. बटणांची जुनी, २००५ सालची व्होल्व्हो ३०६ मीटर गेली. पडद्याच्या नव्या गाड्यांतली सगळ्यात मागे पडलेली गाडी १,३७२ मीटर गेली. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर चालक गाडीत बसलेला होता, पण हजेरी लावून कँटीनला गेलेल्या माणसासारखा. हे सगळं युरोपच्याही ध्यानात आलेलं दिसतं. तिथल्या गाड्यांना सुरक्षिततेचे तारे वाटणाऱ्या संस्थेने २०२६ पासून हॉर्न, वायपर, सिग्नल असल्या गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं असली तरच त्यांचे गुण द्यायचे ठरवलं. माझा जुना रेडिओ मी भंगारात दिला तेव्हा त्याला काय भाव होता हे मला ठाऊक नव्हतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. आता जे सांगतो ते तितकंसं गमतीचं नाही.

डिसेंबरातली संध्याकाळ. साताऱ्याहून आम्ही वाईला एका साखरपुड्याला निघालो होतो. पाचवडला हायवे सोडला आणि आत वळलो. साडेसात वाजून गेले होते. मागे सासूबाई आणि चिरंजीव, चिरंजिवांच्या मांडीवर चिवड्याचा डबा, पडद्यावर मालिका. मी पाहत नव्हतो. नुसतं ऐकत होतो. तेवढ्यात पार्श्वसंगीत थरारलं आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, तिने तिजोरी उघडली!"

वाचकहो, मी वीस वर्षं बँकेत आहे. तिजोरी म्हटल्यावर माझी मान आपोआप वळते. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, त्या दोन माणसांकडे असतात, आणि दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. आणि इथे ही सून एकटी, कमरेला एक किल्ली, आणि तिजोरी उघडली? हे नियमात बसतं कसं, एवढंच पाहायला मी डोळे पडद्याकडे नेले. शुद्ध व्यावसायिक जिज्ञासा.

"अहो!" सौ. ओरडली.

समोर उसाची ट्रॉली होती. गळीत हंगामात त्या रस्त्याला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. मागे दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर असला तरी तो बाहेर आलेल्या उसाने झाकलेला. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी किंचाळली, चिवडा पुढच्या काचेपर्यंत आला, आणि आम्ही थांबलो तेव्हा उसाची टोकं बॉनेटच्या वर, काचेपासून वीतभर अंतरावर हलत होती. मग ती हळूहळू लांब गेली. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंसुद्धा नाही. त्याने मोठ्याने गाणी लावली होती.

गाडीत कुणीच बोललं नाही. बोलत होती ती फक्त सून. मालिका चालूच होती.

"तुम्ही बघत होता?" सौ.ने विचारलं. आवाज लहान होता. तो मोठा असता तर मला बरं वाटलं असतं.

"नाही गं. बघत नव्हतो. दिसलं."

मागून चिरंजीव म्हणाले, "बाबा, मशीनला काय वाटलं असेल?" फिटरचं बोलणं त्याने दुकानात ऐकलं होतं.

मशीनला काहीच वाटलं नाही. त्याच्या हिशेबी हँडब्रेक ओढलेला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरं. तो दोष त्याचा. पण मी साठाच्या वेगात होतो. साठाच्या वेगाने गाडी २ सेकंदांत ३३ मीटर जाते. आमच्या शाखेच्या दारापासून स्ट्राँगरूमपर्यंत जाऊन परत येण्याएवढं अंतर. ते ३३ मीटर माझ्या हातात होते, आणि ते मी एका किल्लीची चौकशी करण्यात घालवले. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने २०१३ साली गाड्या बनवणाऱ्यांना सूचना दिल्या होत्या, की गाडीतल्या यंत्राचं काम असं असावं की चालकाची नजर एका वेळी २ सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये, आणि सगळं काम मिळून १२ सेकंदांत आटपावं. २ सेकंद ही त्यांच्या लेखी कमाल मर्यादा होती. मला वाटत होतं ती माझी हक्काची रजा आहे.

कारकुनाला झोप आली नाही की तो परिपत्रकं वाचतो. मी कायदा वाचला. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १८४ व्या कलमात धोकादायक रीतीने गाडी चालवण्याला शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तिथे स्पष्टीकरण जोडलं, आणि हातात धरायचं संपर्काचं साधन गाडी चालवताना वापरणं त्यात घातलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मग २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमात एक सवलत आली. असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, आणि तेही चालकाची एकाग्रता बिघडणार नाही अशा बेताने. आमच्या सासूबाई शेजारी बसून नकाशातल्या बाईशी वाद घालतात तेव्हा या बेताचं काय करायचं, यावर नियम मौन पाळतो.

माझी पहिली हरकत इथे आहे. हा कायदा हाताच्या मागे लागलेला आहे. हातात फोन असेल तर पोलिसाला लांबून दिसतो, शिट्टी वाजते, पावती फाटते. पण त्या संध्याकाळी माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. शाळेत शिकवतात तसे, दहा वाजून दहा मिनिटांच्या घड्याळासारखे. हातांचा काही गुन्हा नव्हता. गुन्हा डोळ्यांनी केला, आणि डोळ्यांची पावती फाडता येत नाही.

कायदा करणारेही काही कच्चे नाहीत. वाहन कसं चालवावं याचे जे विनियम २०१७ साली निघाले, त्यात त्यांनी पडद्याचाही विचार केला आहे. चालकाने गाडी चालवताना चित्रपट किंवा व्हिडिओ पाहू नये, रस्ता शोधण्यासाठी लागेल तेवढंच पाहावं, अशा अर्थाचं कलम त्यात आहे. वाचून मला आनंद झाला. मग मी ते क्रियापद पुन्हा वाचलं, आणि आनंद मावळला.

पाहू नये.

अहो, पाहतो कोण? मी तरी कुठे पाहत होतो? मला दिसलं! मराठी माणसाला 'पाहणं' आणि 'दिसणं' यातला फरक समजावून सांगायची गरज नाही. शेजारच्या घरातलं भांडण आपण कधीच पाहत नाही, ते दिसतं. परीक्षेत पुढच्याचा पेपर पाहणारा विद्यार्थी अजून जन्माला आलेला नाही, दिसलेल्यांचीच संख्या मोठी आहे. पाहण्याला कर्ता लागतो. दिसणं आपोआप होतं, आणि आपोआप झालेल्या गोष्टीला दंड कुणी कुणाला करायचा?

मला हे अनुभवाने ठाऊक आहे. ३० मार्च २०११. मोहालीला भारत-पाकिस्तान उपांत्य सामना, आणि आमच्याकडे वर्षअखेरीची गर्दी. मी कॅशला होतो. कुणीतरी शाखेत छोटा टीव्ही आणून कपाटावर ठेवला होता. खातेदारांसाठी म्हणून, पण त्याचं तोंड कॅशच्या काउंटरकडे होतं. अडीचला सामना सुरू झाला. थोड्याच वेळात सेहवागने उमर गुलच्या एका षटकात पाच चौकार मारले. त्या षटकाच्या वेळी माझ्यासमोर एक पेन्शनर आजोबा होते आणि मी त्यांना पाचशेच्या नोटा मोजून देत होतो. संध्याकाळी कॅश टॅली होईना. पाच हजार शॉर्ट. म्हणजे चौकारामागे दोन नोटा.

"मॅच बघत होतास?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. दिसत होती."

बरोब्बर तेच उत्तर. चौदा वर्षांत माझ्या बुद्धीत काडीचा फरक पडलेला नव्हता. तूट मी खिशातून भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी ते आजोबा पायरीवर बसलेले. "बाळ, काल तुझा काहीतरी घोटाळा झालेला दिसतो," म्हणाले, आणि दहा नोटा मोजून परत दिल्या. दोनदा मोजून. म्हणून मी अजून ती गोष्ट हसत सांगू शकतो. रस्त्याच्या कॅशला अशी सोय नाही. तिथे शॉर्ट आलं तर दुसऱ्या दिवशी पायरीवर कुणी येऊन बसत नाही.

'पाहणं' सिद्ध करणं किती अवघड, याचा दाखला अमेरिकेतल्या अलास्का राज्यात आहे. २००२ साली तिथे हायवेवर समोरासमोर टक्कर होऊन एक जोडपं गेलं. दुसऱ्या गाडीत डॅशबोर्डावर चित्रपट दाखवणारं यंत्र बसवलेलं होतं. चालक चित्रपट पाहत होता, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. पाहत नव्हतो, असं चालकाचं. गाडीत तिसरा डोळा नव्हता. २००४ साली ज्यूरींनी त्याला निर्दोष सोडलं. ज्यूरींना मी नावं ठेवत नाही. पुरावा नसेल तर सोडायलाच हवं. पण त्यानंतर, २००८ साली, त्या राज्याने कायदा केला, की गाडी चालवताना चालकाच्या नजरेसमोर असला पडदा चालू असणं हाच गुन्हा. पाहिलं का, किती पाहिलं, आवडलं का, हे प्रश्नच नाहीत.

आणि इंग्रज तर याच्याही आधीचे. त्यांच्याकडे १९८६ सालचे नियम आहेत. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत ब्यूइक रिव्हिएरा या गाडीत बोटाने चालवायचा पडदा पहिल्यांदा आला, त्याच वर्षीचे. त्यातलं १०९ वं कलम मला कुठल्याही कवितेपेक्षा सुंदर वाटतं. चालक अशा जागी बसलेला असेल की त्याला टीव्ही दिसू शकेल, तर गाडी चालवायची नाही. सवलत फक्त गाडीची स्थिती, गाडीचं ठिकाण, आजूबाजूचा रस्ता आणि मुक्कामाची वाट दाखवणाऱ्या माहितीला. माझी कचराकुंडी तिथे कायद्यात बसते, सासूबाईंची सून बसत नाही. आणि वर एक शब्दयोजना अशी, की थेट दिसो वा प्रतिबिंबातून दिसो. मागच्या सीटवरचा टीव्ही आरशातून पाहणारा जावई त्या कलम लिहिणाऱ्याने १९८६ साली ओळखला होता! हा गृहस्थ नक्की आधी बँकेच्या तपासणी खात्यात असणार.

तर समीक्षक म्हणून माझी सूचना एका शब्दाची आहे. आपल्या विनियमात जिथे 'पाहू नये' आहे, तिथे 'दिसू नये' करा. बाकी कलम उत्तम आहे.

यावर भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही जुन्या वळणाचे. नवीन काही आलं की तुम्ही लोक घाबरताच." त्याचं म्हणणं मी खोडत नाही. मोटारीत रेडिओ आला तेव्हाही असंच झालं होतं. १९३० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुई शहरात गाडीतल्या रेडिओवर बंदी घालावी असे प्रस्ताव आले होते. आज ते वाचून हसू येतं. पण रेडिओ कानाचं गिऱ्हाईक होता. तो डोळ्यांना म्हणायचा, तुम्ही तुमचं बघा. पडदा असं कधी म्हणत नाही. त्याचा सगळा धंदाच डोळ्यांवर आहे, आणि डोळ्यांची शाखा एकच आहे. तिथे एका वेळी एकच काउंटर उघडं असतं.

शिवाय मी एकटा मूर्ख असतो तर प्रश्न नव्हता. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ई-शिवनेरीचा एक चालक बस चालवता चालवता मोबाइलवर क्रिकेट पाहत होता. एका प्रवाशाने त्याचं चित्रण करून वरपर्यंत पाठवलं आणि त्या चालकाची नोकरी गेली. ती बातमी वाचून मी घरात मोठ्याने "काय ही माणसं!" म्हणालो होतो. त्याच वर्षी दिवाळीत मी वायर बायपास केली. शिकलेसवरलेले मोठेही सुटलेले नाहीत. टेस्लाच्या गाड्यांत चालत्या गाडीतसुद्धा पडद्यावर गेम खेळता येत असे. २०२१ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांची चौकशी लावली, तेव्हा कंपनीने ती सोय गाडी चालू असताना बंद करायचं कबूल केलं. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी माझ्या फिटरची ती बारीक वायर जोडावी लागली.

ती वायर. सगळी समीक्षा फिरून तिथेच येते. ती स्ट्राँगरूमची दुसरी किल्ली होती. एक किल्ली मोह होणाऱ्या माणसाकडे, दुसरी मोह न होणाऱ्या हँडब्रेककडे. यंत्र बनवणाऱ्याने ती व्यवस्था करून दिली होती. दुकानात ती दोन मिनिटांत मोडली, फुकट मोडली, आणि मोडणाऱ्याला कुणी विचारणारं नाही. रस्त्यावरच्या पोलिसाने डोळे कसे पकडावेत? त्यापेक्षा दुकानातला तो हात पकडणं सोपं. आमच्याकडे दोन्ही किल्ल्या एकाच माणसाला दिल्या, तर घेणाऱ्याइतकाच देणाराही जबाबदार असतो. पण सगळा दोष फिटरवर ढकलणं बरं नव्हे. मान मी हलवली होती.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो.

"ती हँडब्रेकची वायर जोडून दे."

"बिघडलं काय, साहेब?"

"नाही. बरोबर जोड. खरी."

त्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने माझ्याकडे. "जोडायला कोणी येत नाय, साहेब," फिटर म्हणाला. मग डॅशबोर्ड पुन्हा उचकटावा लागेल, वेळ जाईल, असं काय काय बोलून त्यांनी हिशेब सांगितला. तीनशे रुपये. तोडायचे फुकट, जोडायचे तीनशे. मी मुकाट्याने दिले. आमच्या घरातला सगळ्यात स्वस्त विमा आहे तो.

आता आमच्या गाडीत मालिका फक्त उभ्या गाडीत दिसते. साडेसात वाजले की सासूबाई "जावईबापू, चहा घ्यायचा का?" असं विचारतात, आणि मी त्याचा अर्थ ओळखून ढाब्याच्या अंगणात गाडी घेतो, हँडब्रेक ओढतो. अर्धा तास सगळे मिळून मालिका पाहतो. दिसत नाही, पाहतो. मुक्कामाला पोचायला उशीर होतो. लोक विचारतात, एवढा वेळ कसा लागला? मी सांगतो, तिकडे कोर्टाचं काम होतं.

समीक्षेच्या शेवटी तारे द्यायची हल्ली पद्धत आहे. चालत्या गाडीतल्या पडद्याला माझ्याकडून एकही नाही. पाचवडच्या रस्त्यावर त्या रात्री मला सगळे एकदमच दिसले होते. एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या सुनेने एकाच किल्लीने तिजोरी कशी उघडली, ते मला अजून कळलेलं नाही. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? मी तेव्हा डोळे मिटले होते."